गुडघेदुखी आणि रात्रीची झोप

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या भाषेने शरीराच्या बहुतेक अवयवांचे कौतुक केले आहे. डोळ्यांवर कविता झाल्या, ओठांवर झाल्या. हृदयावर किती झाल्या याची तर गणतीच नाही. गुडघ्याचे नाव घेताच मात्र जे वाक्प्रचार चटकन आठवतात ते सगळे अपमानाचे. हरलेला माणूस 'गुडघे टेकतो', आणि ज्याला काही समजत नाही त्याची 'अक्कल गुडघ्यात' असते. जो सांधा जन्मभर आपले ओझे वाहतो त्याच्याविषयी इतकी अनास्था बरी नव्हे. म्हणून वार्षिक अंकाची ही चार पाने मी गुडघ्यासाठी मागून घेतली.

विषय निवडायला दुसरेही कारण आहे. आम्ही लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. खोली दहा बाय बाराची, माणसे पाच. अशा घरात एकाचा गुडघा दुखला की झोप पाच जणांची मोडते. माझी आजी रात्री दोन-अडीचला उठून बसते, पाय चोळते, भिंतीला टेकून पहाट होण्याची वाट पाहते. काही विचारले तर म्हणते, "बाय, वय झालं माझं. ह्याला काय औषध?" हे उत्तर आमच्या चाळीत जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते. ते कितपत खरे आहे हे शोधावे, या हेतूने वाचनालयातली पुस्तके चाळली, आमच्या भागातल्या डॉक्टरांना प्रश्न विचारले. त्यातून जे कळले ते साध्या भाषेत येथे मांडते.

गिरणगावचे गुडघे

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ साली सुरू झाली आणि पुढच्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, वरळी, नायगाव हा सारा भाग गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. कामगारांसाठी चाळी उठल्या. १९२० नंतरच्या काही वर्षांत सरकारच्या बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि आजचा ना. म. जोशी मार्ग येथे बांधलेल्या चाळींना आपण अजून 'बी.डी.डी. चाळी' म्हणतो. तळमजला आणि वर तीन मजले, १६० चौरस फुटांची खोली, मजल्याच्या टोकाला सामाईक संडास, आणि लिफ्ट कुठेच नाही. या घरांत सारे आयुष्य जमिनीवर चाले. जेवण जमिनीवर, निजणे जमिनीवर, भांडी उकिडवे बसून, कपडे उकिडवे बसून, संडासही उकिडवे बसूनच.

पुरुष गिरणीत साच्यापुढे आठ तास उभे राहत. बायकांनी काय केले याची नोंद मात्र कमी आढळते. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गडी जेवणार कुठे? त्यांच्यासाठी बायकांनी आपल्या खोल्यांत खानावळी चालवल्या. माझ्या आजीकडे वीस-बावीस गडी जेवायला असत. तीन पाळ्यांचे गडी म्हणजे तीन वेळांचा स्वयंपाक. पहाटे चारला स्टोव्ह पेटे आणि एक पाय दुमडून, दुसरा उभा करून ती पोळपाटापुढे बसे, ती दुपारपर्यंत. या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, त्यामुळे त्यांच्या कष्टांची थोडी तरी दखल घेतली गेली. त्याआधी १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तोच आजचा लिज्जत पापड. त्या कामातही पोळपाट, लाटणे आणि दुमडलेला गुडघा हेच भांडवल होते.

दुमडलेल्या गुडघ्याचा आणि झिजेचा संबंध केवळ तर्काचा नाही. चीनमधल्या बीजिंग शहरात वृद्धांची पाहणी झाली तेव्हा असे आढळले, की तरुणपणी जे रोज दीर्घकाळ उकिडवे बसत असत त्यांच्या गुडघ्यांत झीज अधिक होती. उकिडवे बसणे हे पाप आहे असा याचा अर्थ नव्हे. थोडा वेळ तसे बसल्याने निरोगी सांध्याचे काही बिघडत नाही. वर्षानुवर्षे, तासन्‌तास आणि वर ओझे, हे गणित सांध्याला भारी पडते.

गुडघा असतो कसा

गुडघा हा आपल्या शरीरातला सर्वांत मोठा सांधा. वरून मांडीचे हाड येते, खालून नडगीचे, आणि पुढे ढालीसारखी वाटी. हाडांची टोके कूर्चा नावाच्या गुळगुळीत, चिवट थराने मढवलेली असतात. दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. या सगळ्याभोवती एक पिशवी, आणि पिशवीत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा बुळबुळीत द्रव.

या द्रवामुळेच आपल्याकडे "गुडघ्यातलं वंगण संपलं" असे म्हणायची पद्धत पडली असावी. गिरणगावात यंत्राची उपमा सुचणे साहजिकच आहे. पण ती दिशाभूल करते. यंत्र जितके चालेल तितके झिजते, म्हणून ते बंद ठेवले तर टिकते. सांध्याचे तसे नाही. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळते ते त्या द्रवातून, आणि तेही स्पंजासारखे: दाब आला की द्रव बाहेर, दाब सुटला की आत. हालचाल हेच तिचे जेवण आहे. गुडघा दुखतो म्हणून माणूस महिनोन्‌महिने बसून राहिला, तर कूर्चा उपाशी राहते आणि मांडीचे स्नायूही रोडावतात. मग तोल सावरायला कोणी उरत नाही आणि सारा भार थेट हाडांवर येतो.

हा भार थोडाथोडका नसतो. सपाट रस्त्यावर चालताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या अडीच पटींच्या आसपास भार गुडघ्यावर येतो. जिना उतरताना तो साडेतीन पटींपर्यंत जातो. म्हणजे साठ किलो वजनाची बाई चाळीचा जिना उतरते तेव्हा प्रत्येक पायरीला तिच्या एका गुडघ्यावर दोनशे किलोंच्या घरात भार पडतो. "चढताना दम लागतो, उतरताना गुडघा मरतो" असे आमच्या मजल्यावरच्या बायका म्हणतात, ते शास्त्राला धरून आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. कूर्चेला मज्जातंतू नसल्यामुळे ती स्वतः दुखत नाही. दुखते ते आजूबाजूचे: हाड, पिशवीचे सुजलेले अस्तर, ओढले गेलेले स्नायू. त्यामुळे क्ष-किरण चित्रात झीज पुष्कळ आणि दुखणे थोडे, किंवा झीज थोडी आणि दुखणे फार, असे दोन्ही प्रकार दिसतात. झिजलेले भरून येणे कठीण. पण दुखणे कमी करणे पुष्कळदा आपल्या हाती असते. या लेखाचे सार काढायचे तर ते एवढेच आहे.

सगळे दुखणे एक नव्हे

पुणे जिल्ह्यातल्या भिगवण येथे १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने घरोघर पाहणी झाली. ४०९२ प्रौढ माणसे तपासली, त्यांपैकी ७४६ जणांना हाडा-सांध्यांचे काही ना काही दुखणे निघाले. म्हणजे शंभरात अठरा. हे खेड्यातले आकडे आहेत. दुखणे केवळ शहरी सुखवस्तूंचे नाही एवढे त्यावरून कळते.

त्यातले मुख्य प्रकार तीन. पहिला झिजेचा संधिवात. तो बहुधा पन्नाशीनंतर येतो, बायकांत अधिक. सकाळी उठल्यावर सांधा आखडलेला वाटतो, पण अर्ध्या तासाच्या आत सुटतो. चालल्याने, जिन्याने दुखते आणि विसाव्याने बरे वाटते. दुसरा आमवात. यात शरीराची संरक्षक शक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. तो तिशी-चाळिशीतही येतो, दोन्ही हातांची बोटे, मनगटे सुजतात, आणि सकाळचा आखडलेपणा तासाहून अधिक टिकतो. याला लवकर औषध सुरू केले तर सांधे वाचतात, उशीर केला तर वाकडे होतात. तिसरा वातरक्त, म्हणजे रक्तातल्या युरिक आम्लाचे खडे सांध्यात साचणे. तो बहुधा मध्यरात्री अचानक पायाच्या अंगठ्यात भडकतो, इतका की चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. तिघांची औषधे वेगवेगळी आहेत. म्हणून शेजारणीची गोळी आपल्याला लागू पडेलच असे नाही.

दुखणे रात्रीच का वाढते

दिवसभर पाणी भरणे, बाजार, पाहुणे, टी.व्ही. यांत मन गुंतलेले असते. रात्री दिवा मालवला की मनापुढे एकटा गुडघाच उरतो. हे एक कारण. दुसरे असे, की एकाच स्थितीत पडून राहिल्याने सांधा आखडतो आणि कूस बदलताना कळ येते. तिसरे कारण शरीराच्या घड्याळात आहे. आपल्याच शरीरात तयार होणारे कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य सूज आवरून धरते. मध्यरात्रीच्या सुमारास त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते आणि पहाटे ते पुन्हा वाढू लागते. सुजेचे दुखणे रात्री डोके वर काढते ते यामुळेही.

पण खरी गोम पुढे आहे. दुखण्यामुळे झोप मोडते हे सर्वांना ठाऊक असते; झोप मोडल्याने दुखणे वाढते हे फारसे कोणी सांगत नाही. निरोगी माणसांना जागे ठेवून प्रयोग केले गेले, तेव्हा पुरेशी झोप न मिळालेल्यांना तेवढाच दाब, तेवढाच चटका अधिक वेदनादायक वाटला. म्हणजे रात्रीची जाग दुसऱ्या दिवशीचा गुडघा अधिक दुखरा करते आणि तो गुडघा पुढची रात्र खातो. जात्यासारखे हे चक्र फिरत राहते. ते कुठेतरी अडवायचे असेल तर दिवस आणि रात्र दोन्हीकडून हात घालावा लागतो.

दिवसाचे उपाय

गुडघ्याचे सर्वांत मोठे औषध मांडीच्या पुढच्या स्नायूत आहे. त्याचा व्यायाम अंथरुणावरच करता येतो. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, ती गुडघ्याने खाली दाबावी, पाच आकडे मोजावेत, सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून दोनदा. दुसरा व्यायाम उताणे निजून: एक पाय गुडघ्यात दुमडलेला, दुसरा सरळ ठेवून वीतभर उचलायचा, पाच आकडे धरायचा, सावकाश खाली आणायचा. व्यायामाने थोडे दुखेल. दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत राहिले तर संख्या कमी करावी. फरक पडायला दीड-दोन महिने लागतात, आणि तेवढा धीर बहुतेकांना नसतो.

येथे एक अभिमानाची गोष्ट सांगितली पाहिजे. हे व्यायाम शास्त्रशुद्ध शिकवणारी भारतातली पहिली फिजिओथेरपीची शाळा आपल्याच परळला, १९२६ साली सुरू झालेल्या के.ई.एम. रुग्णालयात, पन्नासच्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने निघाली. त्या काळी पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांना उभे करण्याची निकड होती. तीच विद्या आज आजी-आजोबांच्या कामी येते. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत हा विभाग असतो. केसपेपर काढताना नुसते 'गोळ्या द्या' न म्हणता व्यायाम शिकवण्याविषयी अवश्य विचारावे.

वजन अधिक असेल तर ते उतरवावे. एक किलो कमी झाले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. दिवसाची पावले मोजली तर हा हिशेब केवढा होतो पाहा. पोळ्या लाटायला शक्यतो ओट्यापुढे उभे राहावे किंवा उंच स्टुलावर बसावे. भाजी निवडायला खुर्ची घ्यावी. सामाईक संडासात ठेवण्यापुरती मधोमध भोक असलेली घडीची खुर्ची मिळते. ती नेताना लाज वाटते खरी, पण ती सोडली पाहिजे. जिन्याचा नियम सोपा आहे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि एक हात कठड्यावर. काठी धरायची ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. बहुतेक जण नेमकी उलट धरतात.

रात्रीचे उपाय

झोपण्यापूर्वी गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटे गुडघ्यावर ठेवावी. आखडलेले स्नायू सैल होतात. गुडघा सुजलेला आणि हाताला गरम लागत असेल, तर मात्र शेक नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांनी दोन्ही बाबतींत जपावे, चटका बसलेला कळत नाही.

कुशीवर निजणाऱ्याने दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्यावी. जुन्या लुगड्याची जाड घडीही चालते. उताणे निजणाऱ्याने गुडघ्याखाली थोडा वेळ उशी घेतली तर आराम पडतो, पण ती रात्रभर ठेवू नये. गुडघा वाकलेलाच राहण्याची सवय लागली की तो सकाळी सरळ होत नाही आणि पुढेपुढे मुळीच होत नाही. जमिनीवरच्या गादीपेक्षा कॉट बरी, कारण निजण्याचे नव्हे, जमिनीवरून उठण्याचे कष्ट गुडघ्याला अधिक होतात. दहा बाय बाराच्या खोलीत पाच जणांत कॉट एकच मावते. ती कोणाला मिळते हा वैद्यकाचा प्रश्न नसून घरच्यांचा आहे.

चहा दुपारी चारनंतर टाळावा. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत ठेवावी. रात्री जाग आलीच तर ताडकन उठू नये. आधी पडल्यापडल्या घोट्यापासून पाय आठ-दहा वेळा हलवावा, गुडघा सावकाश वाकवावा, मग उठावे. वाटेतली पातळी, बादल्या रात्री बाजूला सारून ठेवाव्यात. पडून खुब्याचे हाड मोडणे हे गुडघेदुखीपेक्षा फार मोठे संकट आहे. झोपेची गोळी डॉक्टरांना न विचारता कधीही घेऊ नये, तिच्या गुंगीतच माणसे पडतात.

गोळ्या, पुड्या आणि शस्त्रक्रिया

एकदोन सांधेच दुखत असतील तर वेदनाशामक मलम, म्हणजे डायक्लोफेनॅकसारखे जेल, आधी वापरून पाहावे; त्याचा अंश रक्तात थोडाच जातो. हीच औषधे पोटात घेतली की जठरात व्रण होऊ शकतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडाला इजा पोहोचते. डायक्लोफेनॅकची एक गोष्ट तर मुंबईकरांनी विसरू नये अशी आहे. हे औषध गुरांनाही देत असत. मेलेली गुरे गिधाडांनी खाल्ली, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि देशातली गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. मलबार हिलवरच्या पारशांच्या डोंगरवाडीलाही गिधाडे उरली नाहीत. कारण २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसाचे शरीर गिधाडासारखे नाजूक नाही. तरीही गोळी किती, किती दिवस आणि जेवणाआधी की नंतर, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

फुटपाथवर, गाड्यांत विकल्या जाणाऱ्या 'संधिवातावर रामबाण' पुड्यांपासून तर लांबच राहावे. अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत चमत्कार दिसतो, आणि पुढे साखर वाढते, चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात.

सांधा एकाएकी लाल, गरम झाला व ताप आला, पोटरी सुजली, वजन विनाकारण उतरू लागले, किंवा विश्रांतीनेही रात्रीचे दुखणे तसूभर कमी होत नसेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. लगेच रुग्णालय गाठावे.

सारे करून भागत नाही तेव्हा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया असते. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजव्याची जून २००१ मध्ये आपल्या मुंबईतच, ब्रीच कँडी रुग्णालयात झाली. ती करणारे डॉ. चित्तरंजन राणावत यांचा आधुनिक कृत्रिम गुडघा घडवण्यात वाटा होता. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली, त्यामुळे तो बराच स्वस्त झाला. तरी ही वाट शेवटची. बहुतेकांना त्याआधीच्या उपायांनीच पुष्कळ आराम पडतो.

'वय झालं' म्हणजे काय

आता मूळ प्रश्नाकडे येते. गुडघेदुखीत वयाचा भाग आहे, हे नाकारता येत नाही. पण सारे वयावर ढकलले की कष्टांचा हिशेब पुसला जातो. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा रोग आपल्या कामगार विमा कायद्याने व्यवसायजन्य रोग मानला. ब्रिटनमध्ये कोळशाच्या खाणीत गुडघ्यांवर काम करणाऱ्यांची गुडघ्यांची झीज २००९ सालापासून तशीच मानली जाते आणि तिच्यासाठी भत्ता मिळतो. आमच्या खानावळवाल्यांचे गुडघे कोणाच्या हिशेबात लिहायचे? १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. गिरण्या पुढे एकेक करून बंद पडल्या. गिरणी कामगाराच्या हक्कांसाठी निदान संघटना होत्या, मोर्चे होते. ज्या बाईने त्याला रोज दोन वेळा जेवू घातले तिचे नाव कोणत्याही मस्टरवर नव्हते. तिच्या कामाचा एकमेव दाखला तिच्या गुडघ्यात आहे.

हा दाखला वाचायला महाविद्यालयात शिकणाऱ्या आपण मुलामुलींनी शिकले पाहिजे. घरातून पहिल्यांदाच आपण येथवर आलो आहोत. त्या येण्यामागे कोणाचे तरी गुडघे झिजले आहेत. केसपेपर काढण्यासाठी सकाळी रांगेत उभे राहणे, डॉक्टरांची चिठ्ठी वाचून समजावणे, रोज दहा आकडे मोजत व्यायाम करून घेणे, खोलीतली कॉट कोणाची हे ठरवताना तोंड उघडणे, ही कामे आपण करू शकतो. त्यासाठी पदवी हातात पडेपर्यंत थांबण्याची गरज नाही. आपल्या घरात जे कोणी रात्री उठून बसत असेल, त्याला उद्या सकाळी एवढेच विचारा: झोप लागली का? आणि "वय झालं" हे उत्तर मान्य करू नका.